ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीसाठी टायरची निवड

(गळीत हंगामापूर्वी भरलेल्या ऊस उत्पादक व वाहतूकदारांच्या मेळाव्यात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ट्रॉलीचे टायर' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कृषिविद्येच्या माणसाने बेणे, खत आणि पाणी यांवर बोलावे, टायरचे काम पंक्चरवाल्याचे, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला आहे. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, ऊस फडात तुटला म्हणजे आपले काम संपत नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. त्यानंतर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. बारा-चौदा महिने जपलेले पीक रस्त्याच्या कडेला टायर फुटून पडलेल्या ट्रॉलीत वाळत राहिले तर ते नुकसान आपलेच आहे. दुसरे कारण म्हणजे, ट्रॉलीची चाके ज्या जमिनीवरून फिरतात त्याच जमिनीत आपल्याला खोडवा घ्यायचा असतो. तिसरे कारण माझ्या घरचे आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे पुस्तकी वाटणार नाही.

आमच्या घरची चूक

२०२१-२२ चा गळीत हंगाम आपल्या सर्वांच्या लक्षात असेल. राज्यात ऊस विक्रमी होता आणि हंगाम जून २०२२ पर्यंत लांबला. माझे थोरले बंधू घरची शेती पाहतात आणि हंगामात ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या ऊस वाहतुकीला लावतात. जानेवारीत एका ट्रॉलीचे चारही टायर संपले. नव्या टायरला पैसे अडकवण्याऐवजी त्यांनी ट्रकचे उतरवलेले जुने टायर पाहिले आणि मला दाखवायला बोलावले. घरात शिकलेला मी. मी नक्षीवर बोट फिरवले, 'नक्षी अजून बरीच आहे, घ्या' असे सांगितले आणि विद्यापीठात परत आलो. टायरच्या आत हात घालून मी पाहिले नाही. बाजूवर काय छापले आहे तेही वाचले नाही.

एप्रिलमध्ये भर दुपारी, भरल्या ट्रॉलीचा मागचा डावा टायर फुटला. ट्रॉली डावीकडे कलली आणि साइडपट्टीवरून चारीत गेली. उसाच्या थरावर तोडणी टोळीतला एक तरुण बसला होता. तो खाली आला आणि त्याचा पाय मांडीत मोडला. जीव वाचला हे नशीब. पण आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो कोयता त्या दिवशी मोडला आणि अंगावरची उचल मात्र तशीच राहिली. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. गेलेला हंगाम मात्र त्या दोघांना आम्ही परत देऊ शकलो नाही.

नंतर फुटलेला टायर उलटा करून पाहिला. आत दोन ठिकाणी गेटर टाकलेले होते आणि धागे सुटलेले होते. नक्षी मात्र खरोखरच चांगली होती.

मित्रांनो, ज्या गोष्टी त्या दिवशी मी पाहायला हव्या होत्या त्याच आज आपल्याला सांगणार आहे.

आधी वजन, मग टायर

टायर घ्यायला जाताना आपण प्रथम किंमत विचारतो, मग नक्षी पाहतो आणि मग कोणत्या कंपनीचा ते पाहतो. हा क्रम बदलला पाहिजे. पहिला प्रश्न एकच : माझ्या ट्रॉलीच्या एका टायरवर जास्तीत जास्त किती किलो भार येतो? याचे उत्तर दुकानदाराकडे नसते. ते आपल्याकडे, कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवर असते. गेल्या हंगामातील दहा-बारा पावत्या काढा आणि त्यांतील सर्वांत जड खेप निवडा.

उदाहरणादाखल चारचाकी ट्रॉली घेऊ. समजा, रिकाम्या ट्रॉलीचे वजन २,००० किलो आहे आणि तीत ७,००० किलो ऊस भरला. एकूण ९,००० किलो झाले. चाराने भागले तर प्रत्येक टायरवर २,२५० किलो येतात. बहुतेक जण हिशेब इथेच सोडतात, आणि चूक इथेच होते. भार चारही टायरवर कधीच सारखा नसतो. ऊस ट्रॉलीच्या मागे लोंबतो, त्यामुळे मागच्या ॲक्सलवर जास्त वजन येते. शंभरातले ५५ किलो मागे आले असे धरले तर मागच्या ॲक्सलवर ४,९५० किलो, म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर २,४७५ किलो येतात.

हेही सरळ, सपाट रस्त्यावरचे झाले. आपले रस्ते दोन्ही कडांना उतरते असतात आणि आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावा टायर जास्त दबतो. चारीतून निघताना, वळणावर आणि खड्ड्यात क्षणभर तर भार एकाच टायरवर येतो. यासाठी निदान १५ टक्के राखीव धरावेत. २,४७५ मध्ये १५ टक्के मिळवले की सुमारे २,८५० किलो होतात. अशा ट्रॉलीला २,८५० किलो किंवा अधिक भार पेलणारा टायर लागतो.

आपल्या ट्रॉलीच्या मागच्या ॲक्सलवर नेमके किती वजन येते हे पाहणे अवघड नाही. हंगामाच्या सुरुवातीला, गर्दी नसलेल्या एखाद्या वजनकाट्यावर भरलेली ट्रॉली सावकाश चढवा. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर असताना वजन घ्या आणि नंतर फक्त मागची चाके असताना घ्या. दोन आकडे वहीत लिहून ठेवले की पुढची कित्येक वर्षे उपयोगी पडतात. दोन चाकी ट्रॉलीत काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर जातो, परंतु उरलेला सगळा दोनच टायरवर येतो. म्हणून तिथे तर हा हिशेब अधिकच कडक ठेवावा.

टायरच्या बाजूवर काय लिहिलेले असते?

टायरची बाजू ही सातबाऱ्यासारखी असते. वाचता आली तर सगळे समजते. त्यावरील पाच गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१) आकार : ट्रॉलीच्या टायरवर ९.००-१६ असे लिहिलेले असेल तर ९ म्हणजे टायरची रुंदी सुमारे ९ इंच आणि १६ म्हणजे रिमचा व्यास १६ इंच. दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ असेल तर टायर आडव्या-तिरक्या थरांचा, म्हणजे आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो तो असतो. रेघेच्या जागी 'आर' हे इंग्रजी अक्षर असेल तर तो रेडियल असतो.

२) पी. आर. : १६ पी. आर. याचा अर्थ आत मोजून सोळा थर आहेत असा नाही. पूर्वीच्या सुती थरांच्या हिशेबाने टायर किती मजबूत आहे याचा तो दर्जा आहे. एकाच आकाराचा टायर कमी आणि जास्त पी. आर. मध्ये मिळतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात. म्हणून दुकानात फक्त आकार सांगून टायर घेऊ नये.

३) लोड इंडेक्स : हा दोन किंवा तीन अंकी आकडा टायर किती किलो पेलेल हे सांगतो. आपल्या कामाचे काही आकडे लिहून घ्या :

लोड इंडेक्स १२५ – १,६५० किलो
लोड इंडेक्स १३० – १,९०० किलो
लोड इंडेक्स १३५ – २,१८० किलो
लोड इंडेक्स १४० – २,५०० किलो
लोड इंडेक्स १४५ – २,९०० किलो
लोड इंडेक्स १५० – ३,३५० किलो

वरील उदाहरणातील ट्रॉलीला मागे १४५ चा टायर लागेल. ट्रकच्या टायरवर १४६/१४३ असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा एका बाजूला एकच टायर असेल तेव्हाचा आणि दुसरा जोडटायर असतील तेव्हाचा असतो. काही टायरवर लोड इंडेक्स नसतो, थेट किलोत भार लिहिलेला असतो. दोन्ही नसेल तर विक्रेत्याकडे कंपनीचा छापील तक्ता मागावा. तक्ता दाखवता येत नसेल तर तो टायर सोडून द्यावा.

४) वेगाचे अक्षर : लोड इंडेक्सशेजारी एक अक्षर असते. ए-६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए-८ म्हणजे ४० आणि बी म्हणजे ५०. लिहिलेला भार हा त्या वेगापर्यंतचा असतो. रिकाम्या खेपेला ट्रॅक्टर पळवला तर टायरवर वजन नसते, परंतु भरल्या खेपेला वेग वाढवला तर टायर तापतो. बैलगाडीच्या टायरवर ए. डी. व्ही. असे लिहिलेले असते. ते टायर बैलाच्या चालीसाठी बनवलेले असतात. अलीकडे टायरगाड्या ट्रॅक्टरमागे जोडून ऊस नेतात. त्या गाड्यांना हे टायर ठेवून ट्रॅक्टरच्या वेगाने जाणे धोक्याचे आहे.

५) तारीख : लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ३२२४ असेल तर तो टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनला असे समजावे. दुकानात कित्येक वर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नये. रबर न वापरताही कडक होते आणि तडकते.

टायर बदलला म्हणजे ट्रॉली बदलली असे नाही

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हा सगळा हिशेब ऐकून कोणी म्हणेल, 'मग १५० चा टायर बसवू आणि दहा टन भरू.' तसे करू नका. टायर मोठा केल्याने ॲक्सल, पाटे, बेअरिंग, हूक, पिन आणि ब्रेक मोठे होत नाहीत. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात जे एकूण वजन लिहिलेले आहे तीच मर्यादा आहे, आणि ती ओलांडणे कायद्यानेही गुन्हा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. ट्रॉलीत ऊस भरतानाही तेच लागू आहे.

हिशेब उलटाही करता येतो. समजा, आपल्या ट्रॉलीला १३५ लोड इंडेक्सचे टायर आहेत आणि या वर्षी ते बदलणे शक्य नाही. एका टायरचे २,१८० किलो. त्यातून १५ टक्के राखीव काढले तर सुमारे १,९०० किलो उरतात. मागच्या दोन टायरचे ३,८०० किलो झाले. हे एकूण वजनाच्या ५५ टक्के धरले तर ऊस व ट्रॉली मिळून सुमारे ६,९०० किलो भरतात. ट्रॉलीचे २,००० वजा केले की ४,९०० किलो ऊस. म्हणजे त्या ट्रॉलीत पाच टनांच्या आतच ऊस भरला पाहिजे. खेपा वाढतील, हे मान्य आहे. परंतु वाढलेल्या खेपेचे डिझेल आणि फुटलेल्या टायरमागे जाणारी क्रेन, मजुरी, वाळलेला ऊस व बुडालेले दोन दिवस यांची तुलना प्रत्येकाने आपल्या वहीत करून पाहावी.

नायलॉन की रेडियल?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नायलॉन टायरची बाजू जाड असते. फडातले बुडखे, दगड आणि बांधाची ठोकर ती जास्त सोसते, आणि टायर स्वस्तही पडतो. रेडियल टायर पक्क्या रस्त्यावर कमी तापतो, हलका ओढतो आणि जास्त किलोमीटर चालतो. त्याची बाजू मात्र तुलनेने पातळ असते. फडापासून कारखाना जवळ असेल व वाट खडकाळ असेल तर नायलॉन सोयीचा. डांबरी रस्त्याचे अंतर मोठे असेल तर रेडियलचा विचार करावा. दोन्ही एकाच ॲक्सलवर मात्र कधीही बसवू नयेत. रेडियल टायरला रेडियलचीच ट्यूब घालावी.

नक्षीबाबत एक गैरसमज आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला मोठे ठोकळे लागतात, कारण ते चाक ओढते. ट्रॉलीचे चाक ओढत नाही, नुसते फिरते. म्हणून त्याला सरळ रेघांची, रुंद पृष्ठभागाची नक्षी चांगली. ठोकळ्यांची नक्षी रस्त्यावर लवकर झिजते आणि ट्रॉलीला त्यापासून काहीही लाभ होत नाही.

जुना टायर घ्यायचाच असेल तर

नवाच टायर घ्यावा हे माझे मत आहे. तथापि, परिस्थितीमुळे काहींना जुना घ्यावा लागतो हेही मी जाणतो. अशा वेळी पुढील दक्षता घ्यावी.

१) टायर रिमवरून काढून आतून पाहावा. हात फिरवावा. गेटर, फुगवटा, उघडे धागे किंवा सुरकुती आढळल्यास टायर नाकारावा.
२) बाजूला आणि नक्षीच्या मुळाशी बारीक चिरा असतील तर रबर मेले आहे असे समजावे.
३) रिमवर बसणारी कडा, म्हणजे तारेचा भाग, फाटलेला किंवा गंजलेला नसावा.
४) तारीख आणि लोड इंडेक्स वाचावा. आकडे घासून काढलेले असतील तर अर्थ आपणच ओळखावा.
५) तयार रिमोल्ड टायर, ज्याचे मूळ कोणाचे व किती वापरलेले हे माहीत नाही, तो घेऊ नये. आपल्याच टायरचे अंग चांगले असेल तर त्यावर चांगल्या ठिकाणी एकदा रबर चढवून घेणे त्यापेक्षा बरे.
६) जुने टायर जास्त भाराच्या ॲक्सलवर बसवू नयेत. एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच आकाराचे, प्रकाराचे आणि सारख्याच झिजेचे असावेत. एक उंच व एक ठेंगणा असेल तर उंच टायर जास्त भार उचलतो आणि आधी जातो.

भार हवा उचलते, रबर नव्हे

चांगला टायर घेतला आणि हवा पाहिली नाही तर सगळा खर्च वाया. ट्रॉलीतल्या उसाचे वजन प्रत्यक्षात टायरमधली हवा उचलते. रबर आणि धागे त्या हवेला धरून ठेवतात. हवा कमी झाली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू वाकते आणि सरळ होते. लोखंडाची तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती तापते व तुटते, तसेच आत धाग्यांचे होते. रबर आणि धागे यांची पकड सुटते. टायर त्या दिवशी फुटत नाही. तो आठ-पंधरा दिवसांनी, उन्हात, भरल्या खेपेला फुटतो आणि आपण दोष रस्त्यावरच्या दगडाला देतो.

म्हणून स्वतःचे हवा मोजण्याचे गेज विकत घ्यावे. एका टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. हातोडी मारून किंवा लाथ मारून हवा समजत नाही. हवा सकाळी, पहिली खेप निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी आणि टायरवर किंवा कंपनीच्या तक्त्यात त्या भारासाठी जितके पौंड दिले असतील तितकी ठेवावी. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती कमी करू नये. एकाच टायरची हवा वारंवार उतरत असेल तर रोज भरत बसण्यापेक्षा वॉल्व्ह आणि ट्यूब तपासावी. वॉल्व्हला टोपी असावीच.

झीज पाहूनही पुष्कळ समजते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त राहते. एकच कड झिजत असेल तर ॲक्सल वाकला आहे किंवा बेअरिंग सैल आहे. अशा वेळी नवा टायर बसवण्यापूर्वी ते दुरुस्त करावे, नाहीतर नवाही तसाच जाईल.

हवा भरताना होणाऱ्या अपघाताबद्दल दोन शब्द. ज्या रिमला काढता येणारी लोखंडी रिंग असते, तिची रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. टायर साखळीने बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरावी. टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही करू नये. आतली हवा व रबर तापून टायरचा स्फोट होतो.

टायर आणि आपली जमीन

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. रस्त्यासाठी आपण ट्रॉलीच्या टायरमध्ये भरपूर हवा ठेवतो आणि तीच ट्रॉली ओल्या फडात घालतो. भारी काळ्या जमिनीत ओल असताना हे चाक सरीवरून गेले की मातीतील पोकळ्या दबतात. पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, मुळे खाली जात नाहीत. वरच्या थराची दाबणी हवेच्या दाबावर आणि खोल थराची दाबणी ॲक्सलवरील एकूण वजनावर अवलंबून असते. वरची दाबणी मशागतीने मोडता येते, खोलवरची मात्र वर्षानुवर्षे राहते. खोडव्यात चाकाच्या वाटेवर फूट कमी येते आणि तुटाळ पडते. ते पाहून आपण खताची मात्रा वाढवतो, पण तिथे दुखणे वेगळेच असते.

कमी हवेवर चालणारे रुंद टायर मिळतात, परंतु त्यांना वेगळी रिम लागते आणि ते महागही असतात. सर्वांना ते परवडणार नाहीत. म्हणून साधे उपाय करावेत. तोडणीपूर्वी १० ते १५ दिवस पाणी बंद करावे. पाऊस झाल्यास वाफसा येईपर्यंत ट्रॉली फडात घालू नये. फडात ट्रॉलीसाठी एकच वाट ठरवावी आणि सर्व खेपा त्याच वाटेने काढाव्यात. सगळे रान दाबण्यापेक्षा एक पट्टा दबलेला बरा, कारण त्याची वेगळी मशागत करता येते. शक्य तिथे ट्रॉली बांधावर किंवा रस्त्याकडेला उभी करून मोळ्या तिथे आणाव्यात. मोळ्या वाहण्याचे अंतर वाढत असेल तर त्याची मजुरी मुकादमाशी आधी ठरवून द्यावी. खोडव्याच्या वाढलेल्या उत्पन्नातून ती निघते.

फडात रुतते म्हणून टायरची हवा कमी करणारे आणि नंतर तशीच रस्त्याला लागणारे काही चालक आहेत. हवा कमी करायचीच असेल तर पुन्हा भरण्याची सोय जवळ असली पाहिजे. नसेल तर कमी करू नये.

हंगाम संपल्यावर

ट्रॉली वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस उभी असते. उन्हापावसात, अर्ध्या हवेवर, एकाच जागी उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचे टायर न चालताच म्हातारे होतात. हंगाम संपला की ट्रॉली जॅकवर घेऊन ॲक्सलखाली दगड किंवा लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे टायरवरचा भार जाईल. टायर धुऊन गोणपाट किंवा ताडपत्रीने झाकावेत. डिझेल, ऑइल व ग्रीस रबराला लागू देऊ नये. शेण-मातीच्या ओलीत ट्रॉली उभी करू नये. पुढील हंगामाच्या आधी महिनाभर सर्व टायर उतरवून आतून-बाहेरून पाहावेत. ऐन हंगामात टायर घेतला की माणूस मिळेल तो घेतो. आम्ही जानेवारीत तेच केले होते.

शेवटी

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे. बॅटरी घेऊन ट्रॉलीखाली जावे आणि चारही टायरच्या बाजूवरील आकार, पी. आर., लोड इंडेक्स आणि तारीख एका कागदावर लिहावी. शेजारी गेल्या वर्षीची सर्वांत जड पावती ठेवावी. आपला टायर किती पेलतो आणि आपण त्यावर किती लादतो, हे त्या दोन कागदांवरून पाच मिनिटांत कळते. त्यात काही शंका आली तर कागद घेऊन विद्यापीठात या, आपण बसून हिशेब करू.

आणि भरल्या ट्रॉलीवर, हुकाच्या दांडीवर किंवा दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कोणालाही बसू देऊ नका. टोळीतल्या माणसांना कारखान्यावर किंवा कोप्यांवर न्यायचे असेल तर वेगळी सोय करा. टायर कितीही चांगला असला तरी तो कधीतरी फुटू शकतो. त्या वेळी वर माणूस नसावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.

तो तरुण आणि त्याची पत्नी दोन वर्षांनी पुन्हा आमच्या भागात तोडणीला आले. तो थोडा लंगडतो. बंधूंनी त्याला नवे टायर दाखवले, तेव्हा त्याने वाकून आत हात फिरवून पाहिला. आता आमच्या घरी टायर आला की आधी तसाच हात फिरवून पाहिला जातो.